लॉर्नाबाईंचा पॉझ

खालच्या मजल्यावरच्या लॉर्नाबाईंनी पहिल्या भेटीत मला सांगितलं, की त्यांचे वडील दीपगृहावर नोकरीला होते. पुढच्या भेटीत ते मालगाडीचे गार्ड झाले. त्यानंतर एकदा बिस्किटांची बशी माझ्यापुढे सरकवत त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "मी माझ्या दिराला विष घातलं होतं. मला त्याचं दुःख नाही." मी हातातलं बिस्कीट बशीत परत ठेवलं, पोळ्या लाटायच्या राहिल्यात असं काहीतरी पुटपुटले आणि जिना चढून वर आले. 

माझी सून शमिका त्या दिवशी घरूनच काम करत होती. मी तिला म्हटलं, "अगं, पोलिसांना कळवायला हवं का?"

"अहो आई, त्या ॲक्ट्रेस होत्या," ती स्क्रीनवरून मान न वळवता म्हणाली. "आल्झो, म्हणजे नाटकातलं काहीतरी सांगत असतील."

"मग तसं म्हणायचं ना! चहा पिताना कुणी असं सांगतं का?"

माझी सात वर्षांची नात अन्वी तिथेच चित्र रंगवत बसली होती. "दास इस्ट डोख थेआटर, आजी," ती म्हणाली. मी मराठीत बोलते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आणि दोघींचाही समज असा, की समोरचीला सगळं कळलं. या वेळी मात्र 'थेआटर' म्हणजे नाटक, हे मला खरंच कळलं.

हे जर्मनीतल्या एर्लांगेनचं, दोन हजार सोळा सालचं. माझा मुलगा सत्यजित तिथे रोग्यांचे स्कॅन काढणाऱ्या यंत्रांवर काम करतो. आमचे हे गेल्यापासून मी दर उन्हाळ्यात तिकडे जाते आणि व्हिसा संपला की पुण्याला परत येते. दिवसभर घरात कुणी नसतं. सायकली घेऊन सगळे आपापल्या दिशेने गेले, की मी आणि फ्रिजचा आवाज. जर्मन मला येत नाही. जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला मी हसून 'हॅलो' म्हणते, आणि तो आणखी काही बोलला की पुन्हा हसते. लॉर्नाबाईंनी माझं ते हसणं पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, "तुम्हाला एक अक्षर कळलेलं नाही, हो ना?" मी म्हटलं, "नाही." त्या म्हणाल्या, "मलाही हल्ली कळत नाही. आत या."

एवढी वर्षं घरीदारी जर्मन बोललेली बाई, पण म्हातारपणी ते जर्मन त्यांना सोडून चाललं होतं. कधी यायचं, कधी अजिबात नाही. इंग्रजी तेवढं शाबूत होतं. माझं नाव विभावरी. त्यांनी दोनदा प्रयत्न केला आणि मग माझी 'व्हिव्ही' झाली. मी मनात त्यांना लॉर्नाबाई म्हणायचे. एकदा तोंडावरही म्हटलं, तेव्हा 'बाई'चा अर्थ विचारून त्या खूश झाल्या.

त्यांच्या भिंतीवरचे फोटो आणि शमिकाने इंटरनेटवर शोधून सांगितलेलं, असं जुळवून मी त्यांचं आयुष्य थोडंफार लावलं होतं. लॉर्ना प्रायर. ऑस्ट्रेलियातल्या खाणींच्या एका गावात जन्म. शाळा सोडून फिरत्या नाटक कंपनीत गेल्या. ट्रकमध्ये पडदे आणि पेट्या भरून गावोगाव जायचं, लोकरीच्या गोदामात प्रयोग करायचा, पुढच्या रांगेत मेंढ्या कातरणारी माणसं आणि त्यांची कुत्री. मग मेलबर्नला मोठं थिएटर, रेडिओवरची नाटकं, काही चित्रपट. एका चित्रपटात त्या घोड्यावरून पडतात, तो फोटो न्हाणीघराच्या दारावर होता. पुढे लंडन. तिथून एका इंग्रजी कंपनीबरोबर अमेरिकन सैनिकांच्या छावण्यांत प्रयोग करायला जर्मनीत आल्या. एर्लांगेनला छावणीतला माइक बिघडला, तो दुरुस्त करायला हान्स नावाचा विधुर इंजिनियर आला, आणि कंपनी पुढच्या गावी गेली तेव्हा लॉर्नाबाई मागे राहिल्या.

एवढं कळलं, पण बाकी सगळा गोंधळच. वडील नक्की कोण? लढाईत मेलेला नवरा कोणता, आणि तो मेला तर परत येऊन जेवला कसा? मी ऐकत बसायचे, मान डोलवायचे, आणि वर येताना जिन्यात थांबून हिशोब लावायचा प्रयत्न करायचे. लागायचा नाही. मला चीड यायची. बाईवर नाही, स्वतःवर. कारण गोष्ट ऐकून ती कुठली आहे हे न कळणं माझ्या धंद्याला शोभणारं नव्हतं.

मी पुण्यात बँकेत होते, पण हा धंदा तो नव्हे. आमच्या बँकेचा नाट्यसंघ दरवर्षी राज्य नाट्य स्पर्धेत उतरायचा आणि मी त्याची प्रॉम्प्टर होते. नटी व्हायची हौस मलाही होती, पण स्टेजवर गेलं की या दोन हातांचं काय करायचं ते सुचायचं नाही. म्हणून मला विंगेत उभं केलं, हातात संहिता दिली, आणि मी तिथेच रुजले. लोकांना वाटतं, काय, वाक्यं तर पुटपुटायची. पुटपुटणं कुणालाही येतं. कधी गप्प बसायचं ते यावं लागतं. नट बोलता बोलता थांबला, की तो विसरलाय की त्याने पॉझ घेतलाय, हे क्षणात ओळखायचं असतं. पॉझ घेतलेल्याला वाक्य दिलं, तर प्रयोगानंतर तो गळा धरतो. विसरलेल्याला नाही दिलं, तरी धरतो. खूण एकच. पॉझ घेतलेला नट समोर बघतो, विसरलेला विंगेकडे बघतो.

हे मी लॉर्नाबाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "प्रॉम्प्टर! व्हिव्ही, आधी का नाही सांगितलंत? अर्धं आयुष्य मला तुमच्यासारख्या बायकांनी सांभाळलंय." मग म्हणाल्या, "आमच्या कंपनीत नियम होता. विंगेतून आलेलं वाक्य घ्यायचं. चुकीचं असलं तरी घ्यायचं. तिथे वाद घालत बसलं तर नाटक बंद पडतं."

"आमच्याकडेही तसंच," मी म्हटलं. त्या दिवसापासून मी त्यांच्या डावीकडच्या स्टुलावर बसायला लागले. विंग डावीकडे असायची म्हणे त्यांची.

आणि मग मला ती युक्ती सापडली. दीपगृहाची गोष्ट त्यांनी दुसऱ्यांदा सांगितली, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की शब्द तेच, श्वासही त्याच जागी. पाठ केलेलं होतं ते. विषाची गोष्टही तशीच, शब्दाला शब्द. हान्सची गोष्ट मात्र दर वेळी निराळी. कधी तो भेटला तेव्हा पाऊस होता, कधी बर्फ. कधी त्याला मिशा, कधी नाहीत. माणूस स्वतःचं आयुष्य आठवून आठवून सांगतो, त्यामुळे ते दर वेळी थोडं बदलतं. संवाद तेवढे बदलत नाहीत. म्हणजे जे जसंच्या तसं येतं ते नाटक, आणि जे डळमळतं ते खरं. मला इतका आनंद झाला, की संध्याकाळी सत्यजित दारात बूट काढत असतानाच मी त्याला हे सांगून टाकलं.

या युक्तीने मी सगळं चाळून काढलं. मालगाडीचे गार्ड खरे. दीपगृह नाटकातलं. लढाईतला नवरा नाटकातला. आणि रूथही नाटकातली.

रूथबद्दल त्या क्वचित बोलायच्या, खिडकीशी उभ्या राहून. "त्या दिवशी वारा नव्हता. दोरीवर तिचा पिवळा स्वेटर वाळत होता. बाहीसुद्धा हलत नव्हती. मी फाटकाशी उभी राहिले, आणि माझी आई दारात आली नाही, तेव्हा मला कळलं." बस, एवढंच. दर वेळी हेच, आणि 'बाहीसुद्धा' म्हणण्याआधी एक छोटा श्वास. दौऱ्यावरून परत आलेल्या आईचा प्रवेश असणार, आणि मूल गेलेलं. मला बरंच वाटलं, नाटकातलं आहे म्हणून. असं कुणाच्या नशिबी खरोखर यायला नको.

त्याच सुमारास मराठी मंडळाची सहल होती. तळ्याकाठी वडापाव आणि जर्मन केक असा बेत. तिथे साधनाताई नावाच्या बाईंनी मला विचारलं, "तुमचे मिस्टर कसे गेले हो?" मी सांगितलं. "सकाळी म्हणाले, जरा चहा टाक. मी आधण ठेवलं. साखर घातली. हाक मारली, तर ओ आली नाही." साधनाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी सहज बाजूला पाहिलं तर शमिका उभी, आणि तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. आधण, साखर, हाक. सगळं. मला असा संताप आला! सासूची अशी चेष्टा करायची, तीही लोकांत? येताना बसमध्ये मी तिच्याशी बोलले नाही. तिने दोनदा विचारलं, "आई, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही."

आणि मग लॉर्नाबाईंनी पातेलं जाळलं.

अंडी उकडत ठेवली आणि खिडकीशी जाऊन बसल्या. जिन्यात धूर झाला, कुणीतरी अग्निशामक दलाला फोन केला, शिडीची गाडी आली. नुकसान पातेल्याचं झालं, पण त्याआधी एकदा त्या बसस्टॉपवर बसून खाणीच्या गावाला जाणाऱ्या आगगाडीची वाट बघताना सापडल्या होत्या. हान्सचा पहिल्या लग्नाचा मुलगा, यॉर्ग, हॅम्बुर्गला असतो. तो वाईट माणूस नाही, घाबरलेला होता. त्याने कोर्टात अर्ज केला.

"बेट्रॉयुंग," शमिकाने मला समजावलं. "म्हणजे कोर्ट त्यांच्यासाठी एक माणूस नेमतं. त्यांना कुठे ठेवायचं हेसुद्धा तो ठरवू शकतो. यॉर्गना वाटतंय, त्यांनी हॅम्बुर्गच्या वृद्धाश्रमात जावं."

"आणि लॉर्नाबाईंना काय वाटतं?"

"गेनाऊ, अगदी बरोबर, तेच विचारायला जज घरी येणार आहेत."

न्यायाधीश घरी येणार! हे माझ्या डोक्यात शिरेना. आपल्याकडे माणूस कोर्टात जातो. इथे कोर्ट माणसाकडे येतं, आणि वर विचारतं की तुम्हाला काय हवंय? मग यात फसवणूक कुठे आहे, हेच मी शोधत राहिले. लॉर्नाबाईंना मात्र काही गोंधळ नव्हता. त्या म्हणाल्या, "व्हिव्ही, मला इथून हलवलं तर मी संपले. इथे मी कोण आहे ते मला भिंती बघून आठवतं. त्या खोलीत मला कोण सांगणार?" ही वाक्यं त्यांनी आधी कधी म्हटली नव्हती. मला रडू आलं.

रडून झाल्यावर मी ठरवलं, तालीम करायची. न्यायाधीश म्हणजे तोंडी परीक्षाच, आणि तोंडी परीक्षेची तयारी करून घेणं आम्हा पुणेरी आयांना कुणी शिकवावं लागत नाही. शमिका म्हणाली, "आई, इथे असं पढवून ठेवत नाहीत हो." मी म्हटलं, "तू गप्प बस. तुझी दहावी मी घेतली नाही, सत्यजितची घेतलीय." रोज दुपारी आम्ही बसायचो. आज तारीख काय? तुमचा पत्ता? गोळ्या कुठल्या, कधी? पातेलं जळायला लागलं तर काय कराल? लॉर्नाबाईंना तर हुरूप आला. त्या प्रत्येक उत्तराची जागा ठरवायला लागल्या. "गोळ्यांचं सांगताना मी खिडकीकडे चालत जाऊ का?" मी म्हटलं, "नको, बसूनच."

त्या दिवशी सकाळी घंटा वाजली. दारात सायकलचं हेल्मेट घातलेली, तिशी-पस्तिशीतली एक मुलगी. मला वाटलं, औषधाच्या दुकानातली. मी पिशवी घ्यायला हात पुढे केला. तिने तो हातात घेतला आणि हलवला. तीच न्यायाधीश! मी इतकी गडबडले, की तिला बूट काढायला लावले, पाण्याचा पेला दिला आणि चिवड्याची बशी पुढे केली. तिने चिवडा खाल्ला आणि मी कोण ते विचारलं. मी शेजारीण, असं सांगितल्यावर लॉर्नाबाई म्हणाल्या, "ती माझ्याजवळ बसेल." न्यायाधीशबाई म्हणाल्या, बसू दे. इंग्रजी त्यांचं चांगलं होतं. मी डावीकडच्या स्टुलावर बसले.

प्रयोग काय रंगला म्हणून सांगू! तारीख बरोबर. गोळ्या बरोबर. पातेल्याचं विचारल्यावर लॉर्नाबाईंनी आधी गॅस बंद, मग खिडकी, मग फोन, असं सगळं सांगितलं आणि वर म्हणाल्या, "आणि मग अंडी बाहेर जाऊन खायची." न्यायाधीशबाई हसल्या. मी स्टुलावर ताठ बसले होते. इथेच राहायचं का, असं विचारलं, तेव्हा लॉर्नाबाईंनी भिंतीवरून हात फिरवत नेला आणि आणखी काही न बोलता नुसतं "हो" म्हटलं. मला वाटलं, जिंकलो.

मग न्यायाधीशबाई आपल्या कागदाकडे बघत म्हणाल्या, "यॉर्ग हे तुमच्या पतीचे चिरंजीव. तुम्हाला स्वतःची मुलं आहेत का?"

हा प्रश्न आमच्या तालमीत नव्हता.

लॉर्नाबाई थांबल्या. शांतता. मी वाट पाहिली. शांतता संपेना. न्यायाधीशबाईंनी पेन वर उचलून धरलेलं.  गेलं, आता सगळं हातचं गेलं. एवढा साधा प्रश्न बाईला आठवत नाही, आता हॅम्बुर्ग. यॉर्गने शमिकाला सांगितलेलं मला ठाऊक होतं, मूलबाळ नाही. एवढ्या वर्षांच्या सवयीने मी पुढे झुकले आणि ओठ न हलवता म्हटलं, "नाही. मुलं नाहीत."

"नाही," लॉर्नाबाई स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हणाल्या. "मला मुलं नाहीत."

न्यायाधीशबाईंनी लिहून घेतलं. आणखी दोन-चार किरकोळ गोष्टी विचारल्या, आभार मानले आणि त्या बाहेर पडल्या. मी दार लावून वळले, आनंदाने हात पसरून. लॉर्नाबाई खुर्चीतच होत्या. चेहरा पांढरा पडला होता.

"मी विसरले नव्हते," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मी पॉझ घेतला होता, व्हिव्ही. मी इथे आल्यापासून हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. हान्सनेसुद्धा. मी उत्तर देणार होते."

मला काही कळेना. "मग 'नाही' का म्हणालात?"

"तुम्ही वाक्य दिलंत," त्या म्हणाल्या, जणू याहून सरळ काही असूच शकत नाही.

मी स्टुलावर बसले. "पण रूथ... ती तर नाटकातली ना?"

"कुठल्या नाटकातली?" आता गोंधळ त्यांच्या चेहऱ्यावर होता. "रूथ माझी. चार वर्षांची. घटसर्प झाला. मी दौऱ्यावर होते, तार माझ्या मागे मागे गावं फिरत राहिली."

"पण तुम्ही ते दर वेळी त्याच शब्दांत सांगता! एक शब्द इकडचा तिकडे नाही. म्हणून मला वाटलं..."

"दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही मला," त्या म्हणाल्या. "एकदा कसंबसं बसवलं आणि तसंच ठेवलं. एक शब्द हलवला तर मी पडते."

आधण ठेवलं. साखर घातली. हाक मारली. माझेही तेच शब्द, इतकी वर्षं. मला त्या क्षणी माझ्या युक्तीची, माझ्या हुशारीची अशी शरम वाटली, की काय सांगू. आणि त्याहून वाईट म्हणजे मला आठवलं, की त्या थांबल्या तेव्हा कुठे बघत होत्या. समोर. सरळ समोर. डावीकडे नाही. मी बघितलंच नव्हतं.

मग मी पळाले. चपला न घालता, पदर सावरत, जिना उतरून. न्यायाधीशबाई खाली सायकलचं कुलूप काढत होत्या. मी धापा टाकत म्हटलं, "एक उत्तर माझं आहे. बाकीची तिची आहेत. मुलांचं मी सांगितलं, आणि ते चुकीचं आहे."

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "तुम्ही काहीतरी म्हणालात ते मी ऐकलं. मला वाटलं, तुम्ही त्यांना नीट ओळखता."

"मलाही तसंच वाटलं होतं," मी म्हटलं. बोलताना कळत होतं, की मी काय करतेय. आता न्यायाधीशबाई म्हणणार, म्हणजे सगळंच पढवलेलं होतं. आता लॉर्नाबाईंचं घर जाणार, आणि ते मी घालवणार. पण बाईकडून तिची मुलगी नाकारून घ्यायची आणि त्याच्या बदल्यात तिला भिंती द्यायच्या, हे मला सोसेना.

न्यायाधीशबाईंनी कुलूप परत लावलं.

वर आल्यावर त्यांनी बूट स्वतःहून काढले. त्याच खुर्चीत बसल्या. "फ्राऊ प्रायर, मी पुन्हा विचारते. तुम्हाला मुलं आहेत का?"

पुन्हा ती शांतता. मी पदर तोंडात धरला होता. आधीच्यापेक्षा लांबली, खूप लांबली, आणि या वेळी मी डोळे त्यांच्यावरून काढले नाहीत. समोर बघत होत्या. मी गप्प राहिले. माझ्या आयुष्यात मी एवढी कधी गप्प राहिले नाही.

"एक," लॉर्नाबाई म्हणाल्या. "रूथ. त्या दिवशी वारा नव्हता." आणि त्यांनी सगळं सांगितलं, स्वेटर, बाही, फाटक, त्याच शब्दांत. न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं होतं. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "यॉर्गना हे माहीत आहे?" लॉर्नाबाई म्हणाल्या, "मी सांगेन."

त्यांनी सांगितलं. संध्याकाळी फोन केला, आणि बराच वेळ बोलत होत्या, जर्मनमध्ये. कुठून परत आलं ते जर्मन कोण जाणे. मला एक अक्षर कळलं नाही. फक्त मध्ये एकदा त्यांनी रिसीव्हर छातीशी धरला आणि मला म्हणाल्या, "तो रडतोय."

निकाल आला तेव्हा शमिकाने वाचून दाखवला. लॉर्नाबाई घरीच राहणार. सकाळ-संध्याकाळ मदतीला बाई येणार, गॅसच्या जागी आपोआप बंद होणारी शेगडी, आणि पैशांचे, सरकारी कामांचे व्यवहार यॉर्ग बघणार. मी त्या दिवशी खाली जाऊन जो चहा केला, त्यात आनंदाच्या भरात दोनदा साखर पडली. पण खरं सांगायचं, तर ते घर माझ्या तालमीने राहिलं की माझ्या तालमीने जाता जाता वाचलं, हे मला अजून कळलेलं नाही.

माझे परत निघायचे दिवस जवळ आले होते. एका दुपारी आम्ही नेहमीसारख्या बसलो होतो. खिडकीबाहेर कुणाचे तरी कपडे वाळत होते, ते बघून लॉर्नाबाईंनी सुरुवात केली. "त्या दिवशी वारा नव्हता. दोरीवर..."

आणि थांबल्या.

मी हातातला कप तसाच धरून ठेवला. त्या खिडकीकडे बघत होत्या. मी थांबले. पॉझ असेल. थांबले. मग त्यांची मान हळूहळू वळली, डावीकडे, माझ्याकडे. डोळ्यांत नुसती भीती होती. विंगेत उभी राहून मी ती नजर कितीतरी नटांच्या डोळ्यांत पाहिली आहे. पण त्यांचं फक्त वाक्य हरवलेलं असायचं.

"तिचा पिवळा स्वेटर," मी हळूच म्हटलं.

"तिचा पिवळा स्वेटर वाळत होता," लॉर्नाबाई म्हणाल्या. छोटा श्वास घेतला. "बाहीसुद्धा हलत नव्हती." आणि शेवटपर्यंत गेल्या, न अडखळता. मग त्यांनी चहा प्यायला आणि मला बिस्कीट दिलं.

निघायच्या दिवशी शमिका मला सोडायला आली. न्यूर्नबेर्गची गाडी यायला अवकाश होता. फलाटावर बाकावर बसून मी तिला रूथचे शब्द सांगितले, सगळे, क्रमाने. तिच्याकडून म्हणून घेतले. "त्या थांबल्या तर लगेच सांगू नकोस," मी म्हटलं. "समोर बघत असतील, तर गप्प बसायचं. तुझ्याकडे बघितलं, तरच सांगायचं. डावीकडे बस."

"हो, आई. कळलं." ती थोडा वेळ रुळांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुमचंही मला पाठ आहे."

"माझं काय?"

"बाबांचं. आधण ठेवलं. साखर घातली. हाक मारली." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "त्या सहलीला तुम्ही रागावलात ना? मी चेष्टा करत नव्हते हो. मला वाटतं, तुम्ही कधी अडलात तर... कुणाला तरी ते शब्द यायला हवेत."

मला खूप काही बोलायचं होतं.  बोलले नाही. मी रुळांकडे, सरळ समोर बघत राहिले.

शमिकाने एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि ती काही बोलली नाही. थांबली.